नावातली नदी, आडनावातलं गाव

मिराबो हे फ्रान्सच्या दक्षिणेकडचं, द्युरान्स नदीकाठचं गाव. तिथली जहागीर रिकेती घराण्याची होती, म्हणून फ्रेंच राज्यक्रांतीतला गाजलेला वक्ता जगाला ठाऊक झाला तो गावाच्याच नावाने. १९ जून १७९० रोजी राष्ट्रीय सभेने वंशपरंपरागत सरदारकी मोडीत काढली आणि प्रत्येकाने आपलं खरं घराण्याचं नाव लावावं, असं फर्मावलं. वर्तमानपत्रं त्याला 'रिकेती' म्हणू लागली, तसा तो चांगलाच वैतागला. क्रांती हवी होती, पण गाव सुटायला नको होतं!

याच सभेने काही महिने आधी ब्रिटनी, बर्गंडी, नॉर्मंडी हे जुने प्रांत पुसून देशाचे ८३ विभाग पाडले होते. त्यांना नावं दिली ती बहुतेक नद्यांची आणि डोंगरांची. नदीला ना सरदार, ना वंशावळ. कल्पना नामी होती, गोंधळ मात्र भरपूर झाला. ल्वार ही देशातली सर्वांत लांब नदी. तिच्याहून वेगळी, पण उच्चाराला अगदी तशीच आणखी एक ल्वार आहे. फ्रेंच माणूस बोलताना एकीला स्त्रीलिंगी आणि दुसरीला पुल्लिंगी करून निभावून नेतो. ऑर्लेआँ शहर मोठ्या ल्वारच्या काठावर, पण त्याच्या विभागाचं नाव ल्वारे. ही ल्वारे जेमतेम बारा किलोमीटरची. शहराच्या दक्षिणेला एका बागेत ती जमिनीतून उसळून वर येते आणि ते पाणीही मुळात मोठ्या ल्वारचंच, वरच्या अंगाला जमिनीत मुरलेलं. व्हियेन नदीवरून दोन विभागांची नावं पडली; व्हियेन शहर मात्र त्या दोन्हींत नाही, ते दूर ऱ्होनच्या काठी आहे.

नद्यांची नावं बहुधा रोमनांच्याही आधीची. गावांचं तसं नाही. रोमन काळात ऑरेलियस नावाच्या एखाद्या जमीनदाराचा मळा 'ऑरेलियाकुम' म्हणून ओळखला जाई. दक्षिणेत झिजत झिजत त्याचं ओरियाक झालं, उत्तरेत ऑर्ली. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर उतरणारा प्रवासी अशाच कुणा विसरलेल्या मालकाच्या नावावर पाय ठेवतो. म्हणजे माणसाचं नाव आधी गावाला चिकटलं आणि मग गावाचं नाव पुन्हा माणसांना.

अंगुलेमजवळचं बालझाक हे गाव. सतराव्या शतकातल्या गे या लेखकाने तिथल्या आपल्या वाड्यावरून 'गे द बालझाक' हे नाव घेतलं. कादंबरीकार ओनोरे द बालझाकचा या गावाशी काडीचाही संबंध नाही. त्याचा बाप तार्न भागातल्या शेतकरी कुटुंबातला, मूळ आडनाव बाल्सा. बापाने त्याचं बालझाक केलं, मुलाने मध्ये सरदारी 'द' घातला आणि एका जुन्या खानदानाशी नातंही सांगितलं. कादंबरीकारच तो.

महादजी शिंद्यांची कवायती पलटणं उभी करणारा डी बॉयन आपल्याकडे ठाऊक आहे. तो सव्हॉयमधल्या शांबेरीचा, मूळ आडनाव लबोर्न्य. त्याच्या नावातला 'डी' हाच 'द'. तो ऐकून बॉयन नावाची जहागीर असेल असं वाटतं, पण ते मूळ आडनावाचंच बदललेलं रूप. पुढे सार्डिनियाच्या राजाने त्याला काउंट केलं, तेव्हा नाव आधी आणि सरदारकी मागून, असा उलटा क्रम झाला.

सगळ्यांत गंमत इलिए या गावाची. मार्सेल प्रूस्तने आपल्या कादंबरीत त्याचं काँब्रे केलं. १९७१ मध्ये, लेखकाच्या जन्मशताब्दीला, गावाने सरकारदरबारी आपलं नाव इलिए-काँब्रे करून घेतलं. गावातून वाहणाऱ्या धाकट्या ल्वारला प्रूस्तने नाव दिलं होतं व्हिव्होन, आणि त्या नावाचं खरंखुरं गाव व्हियेन विभागात आहे. त्या गावाने मात्र आपल्या नावाला काहीही जोडलेलं नाही.