गाडगेबाबांच्या कीर्तनातील दुसरा आवाज

न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात 1973 च्या सुमारास ज्या तालबद्ध बोलण्याचा उगम झाला आणि ज्यास पुढे रॅप हे नाव रूढ झाले, त्यात बोलणारा एक असतो व त्यास उत्तर देणारा समुदाय असतो. मराठी तरुणही आज या धाटणीची रचना करतात. वऱ्हाडात मात्र एकाचे बोलणे आणि अनेकांचे उत्तर ही जोडी त्याच्या पुष्कळ आधी, गाडगेबाबांच्या कीर्तनात, पूर्णत्वास पोहोचली होती. दोहोंत वंशसंबंध आहे असे मुळीच सुचवावयाचे नाही. साम्य आहे ते रचनेचे. आणि त्यातून जो प्रश्न उभा राहतो तो असा की, अशा रचनेचा कर्ता कोणास म्हणावे?

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. पिता झिंगराजी व्यसनापायी अकाली वारले. सखूबाई मुलास घेऊन माहेरी, अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी आल्या. तेथे मामाकडे गुरे राखताना व शेती करताना डेबूजीस भजनाची गोडी लागली. अक्षरओळख त्यांस नव्हती. मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्यांनी पाहिली. पुढे कुंताबाईंशी विवाह झाला. कन्येच्या बारशास मद्यमांसाची रूढ पंगत न घालता त्यांनी गोडाचे जेवण वाढले. कर्ज, दारू आणि पंगतीचा खर्च हे त्यांच्या कीर्तनातील तीन मोठे विषय होत, आणि तिन्ही घरातून आलेले आहेत. 1905 साली त्यांनी गृहत्याग केला. 1923 मध्ये पुत्र गोविंदाच्या निधनाची वार्ता कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता आली, तरी कीर्तन थांबले नाही.

नारदीय कीर्तनातील पूर्वरंग-उत्तररंगाची मांडणी त्यांनी बाजूस सारली. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडावयाचे आणि रात्री त्याच गावास प्रश्न विचारावयाचे, हा त्यांचा क्रम. प्रश्न लहान, वऱ्हाडी वळणाचे, ‘बापहो’ अशा संबोधनाने जोडलेले. पहिली काही उत्तरे श्रोता सहज देतो. पुढचे उत्तर त्यास अडचणीत टाकणारे असते, परंतु आधीचे स्वतःच दिलेले असल्याने मागे फिरता येत नाही. ताट मोडून हातावर भाकरी खा, पण मुलास शिकवा, हा उपदेश अशा मालिकेच्या शेवटी आल्यामुळेच वरून लादलेला वाटत नसावा. मध्येच गोपालाचा गजर होतो. हा गजर केवळ विसावा आहे असे मानणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. ज्या समुदायास उत्तर द्यावयाचे आहे, त्याचा कंठ एका तालात आणण्याचे काम तो करतो.

तुकडोजी महाराजांशी (1909–1968) तुलना येथे उपयुक्त ठरते. अमरावती जिल्ह्यातील यावली या गावचे तुकडोजी खंजिरीवर भजने गात. पण ती भजने स्वतः रचलेली, नाममुद्रेसह असत, आणि म्हणूनच ती कागदावर टिकली. गाडगेबाबांची नाममुद्रा नाही, संहिता नाही. प्रबोधनकार ठाकरे व गो. नी. दांडेकर यांनी त्यांच्याविषयी लिहिले, म्हणून पुष्कळसे आपल्यापर्यंत आले, हे ऋण मोठेच आहे. तथापि कीर्तने छापताना सामान्यतः बाबांचे वाक्य राहते आणि श्रोत्यांचे ‘हो’ किंवा ‘नाही’ गळते. मग जे उरते ते प्रवचन.

नोव्हेंबर 1956 मध्ये वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेल्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण सुदैवाने उपलब्ध आहे. पुढल्याच महिन्यात, 20 डिसेंबर रोजी, अमरावतीनजीक बाबांचे देहावसान झाले. त्या मुद्रणातील बोली वऱ्हाडी आहे, उत्तरे मात्र मुंबईतील श्रोत्यांची आहेत. त्याचे लिप्यंतर करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक उत्तर, प्रत्येक हशा आणि उत्तरापूर्वीची शांतता, ही सर्व स्वतंत्र ओळीत नोंदवावीत.