शेजारच्या खुर्चीतला जोडीदार

१९९६ साली क्रायस्लर या अमेरिकी मोटार कंपनीचं पगाराचं सॉफ्टवेअर रखडलं होतं. ते मार्गी लावायला आलेल्या प्रोग्रामर केंट बेकने एका कीबोर्डपाशी दोघांना बसवलं. एकाने कोड लिहायचा, दुसऱ्याने बघत राहायचं, चुकलं की टोकायचं. मग जागा बदलायच्या. एका कामाला दोन पगार कशाला, ही शंका रास्तच. पण चूक तिथल्या तिथे सापडायची आणि नवखा जाणत्याशेजारी बसून शिकायचा.

फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातल्या स्नोबर्डला सॉफ्टवेअर बनवणारे १७ जण जमले, त्यांत बेकही होता. सॉफ्टवेअर कसं बनवावं हे सांगणाऱ्या त्यांच्या 'अजाइल' जाहीरनाम्याने साधनांपेक्षा माणसांना वरचं स्थान दिलं.

जून २०२१मध्ये प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात त्या गिटहबने कोड सुचवणारा कोपायलट आणला, तोच मुळी 'एआय जोडीदार' म्हणून. आता लिहितं यंत्र, आणि बघणाऱ्याच्या खुर्चीत माणूस. ही अदलाबदल साधी नाही. यंत्राचा कोड इतका नीटनेटका दिसतो की त्यातली चूक सहज नजरेतून निसटते.

२०२५मध्ये 'मीटर' (METR) या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरांची २४६ कामं तपासली. एआय वापरल्यावर त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. त्यांना मात्र वाटत होतं, काम २० टक्के लवकर झालं. हे सगळे आपापल्या प्रकल्पात मुरलेले होते. नवख्यांचं शिकणं त्या मोजणीत नव्हतंच.