सुपरमॅन, कॅप्टन मार्व्हल आणि चोरीचा आळ

आपल्याकडे एकांकिका स्पर्धा झाली की एक वाद ठरलेला. निकाल लागतो आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतं, "आमची कल्पना ढापली राव त्यांनी!" मग व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस धुळवड. आमच्या बातम्यांच्या धंद्यात तर हे रोजचंच. यंदा हा वाद ऐकताना मला अमेरिकेतला एक जुना खटला आठवला. पोस्ट मोठी आहे, पण सवडीने वाचा. कारण प्रश्न आपलाच आहे: कल्पनेला मालक असतो का?

गोष्ट सुरू होते 1938 साली. क्लीव्हलँडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी सुपरमॅन जन्माला घातला. पहिल्या गोष्टीसोबत त्याचे सगळे हक्क त्यांनी प्रकाशकाला विकले. किती पैशांना? 130 डॉलर, तेही दोघांत मिळून. हा प्रकाशक म्हणजे आज आपण जिला डीसी म्हणतो ती कंपनी. सुपरमॅन तुफान चालला आणि बाकीचे प्रकाशक जागे झाले. अंगाला चिकटलेले कपडे आणि अचाट ताकद असलेला माणूस प्रत्येकालाच हवा झाला.

1939 मध्ये व्हिक्टर फॉक्स नावाच्या प्रकाशकाने 'वंडर मॅन' आणला. चित्रकार होता विल आयस्नर, जो पुढे या क्षेत्रातला फार मोठा माणूस झाला. डीसीने लगेच कोर्टात खेचलं. 1940 मध्ये अपील कोर्टाचे न्यायाधीश ऑगस्टस हँड यांनी निकाल दिला. त्याचं सार असं: 'बलवान, परोपकारी नायक' हा साचा कुणाच्या बापाचा नाही, पण तुम्ही सुपरमॅनचे बारीकसारीक तपशीलच उचललेत. वंडर मॅन एका अंकातच आटोपला होता.

इथपर्यंत सगळं ठीक. चोर पकडला, शिक्षा झाली.

पण आता जरा मागे जाऊ. सुपरमॅनच्या आधी, 1933 पासून अमेरिकेत 'डॉक सॅव्हेज' नावाच्या नायकाच्या स्वस्त कादंबऱ्या खपत होत्या. त्याचं पहिलं नाव क्लार्क. बर्फाळ उत्तरेत त्याचा एक गुप्त अड्डा होता, 'फोर्ट्रेस ऑफ सॉलिट्यूड'. पुढे सुपरमॅनलाही बर्फात तस्साच अड्डा मिळाला, आणि नावही तेच! बॅटमॅनचं काय? मे 1939 च्या अंकातली त्याची पहिलीवहिली गोष्ट 'द शॅडो' या दुसऱ्या नायकाच्या 1936 च्या कादंबरीवरून बेतलेली होती. लेखक बिल फिंगरने नंतर ते स्वतः कबूलही केलं. म्हणजे जी कंपनी दुसऱ्याला चोर म्हणत होती, तिच्या घरातली भांडीही शेजारच्यांचीच होती.

आता खरा खटला. 1940 च्या सुरुवातीला फॉसेट या प्रकाशकाने 'कॅप्टन मार्व्हल' आणला. लेखक बिल पार्कर, चित्रकार सी. सी. बेक. बिली बॅट्सन नावाचा एक अनाथ पोरगा 'शझाम' असा शब्द उच्चारतो, वीज कडाडते आणि तो बलदंड माणूस होतो. ताकद, अंगावर टोप घातल्यासारखा चिकट पोशाख, पाठीवर कापड, बातम्यांच्या क्षेत्रातली नोकरी: सुपरमॅनशी साम्य होतंच. पण मुलांना यात वेगळी मजा होती. सुपरमॅन परग्रहावरचा, हा मात्र आपल्यासारखा पोरगा. एक शब्द बोलला की मोठा! हे स्वप्न कुठल्या पोराला पडत नाही? बघता बघता कॅप्टन मार्व्हल खपात सुपरमॅनच्या पुढे गेला. 1941 मध्ये त्याच्यावर बारा भागांची चित्रपटमालिका आली, सुपरमॅनच्या पडद्यावरच्या अशा मालिकेच्या कितीतरी आधी.

त्याच वर्षी डीसीने दावा ठोकला.

हा खटला बारा वर्षं चालला. सुनावणीच 1948 मध्ये झाली. खालच्या कोर्टाने म्हटलं, नक्कल झाली आहे, पण वर्तमानपत्रांतल्या सुपरमॅनच्या पट्ट्यांवर हक्काची नोंद नीट छापली नाही, म्हणून डीसीने हक्क गमावला. 1951 मध्ये अपिलात न्यायाधीश लर्नेड हँड यांनी हे फिरवलं. (हे आधीच्या हँडसाहेबांचे चुलतभाऊ. एकाच घराण्याने कॉमिक्सचा कायदा लिहिला म्हणा ना!) डीसीचा हक्क शाबूत आहे, पण कुठल्या गोष्टीत नेमकी काय नक्कल झाली ते एकेक ताडून बघावं लागेल, असं त्यांनी सांगितलं.

म्हणजे आणखी कित्येक वर्षं वकिलांची फी. तोवर सुपरहिरोंचा खपही घसरला होता. 1953 मध्ये फॉसेटने हात टेकले, चार लाख डॉलर भरले आणि कॅप्टन मार्व्हल बंद केला.

खरी गंमत पुढे आहे. कॅप्टन मार्व्हलच्या शेकडो गोष्टी लिहिणारा लेखक होता ओटो बाइंडर. 1942 मध्ये 'मेरी मार्व्हल' ही कॅप्टनची बहीण त्यानेच आणली होती. फॉसेटचं दुकान बंद झाल्यावर हाच बाइंडर डीसीसाठी सुपरमॅन लिहायला लागला. 1959 मध्ये त्याने काय आणलं? सुपरमॅनची चुलतबहीण, सुपरगर्ल! खटला घालून बंद पाडलेल्या घराची रीत डीसीने नोकरीवर ठेवलेल्या माणसाच्या हातून स्वतःच्या घरात आणली. यावर मात्र कुणी खटला भरला नाही. भरणार कोण? समोर कुणी उरलंच नव्हतं.

पुढे मार्व्हल आणि डीसी यांच्यातही हाच खेळ चालला. 1960 मध्ये डीसीने आपले सगळे नायक एकत्र करून 'जस्टिस लीग' काढली. ती चालली म्हणून 1961 मध्ये मार्व्हलच्या स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 'फँटास्टिक फोर' आणले. पण ली-कर्बींनी नुसती टोळी उचलली नाही. त्यांचे नायक एकमेकांशी भांडत, चिडत, रडत. उसनवारीतून नवीन काहीतरी उगवलं. आणि तेव्हा मार्व्हलचे अंक वितरित कोण करत होतं? डीसीच्याच मालकांची कंपनी! महिन्याला जेमतेम आठ अंकांची मर्यादा घालून.

1963 मध्ये डीसीचा 'डूम पेट्रोल' आला आणि तीनच महिन्यांनी मार्व्हलचे 'एक्स-मेन'. दोन्हीकडे समाजाने झिडकारलेले नायक, दोन्हीकडे चाकाच्या खुर्चीतला हुशार म्होरक्या. 1971 मध्ये दलदलीतला राक्षस दोन्ही कंपन्यांकडे दोन-तीन महिन्यांच्या अंतराने उगवला. एकाचा लेखक लेन वेन, दुसऱ्याच्या लेखकांपैकी एक जेरी कॉनवे, आणि हे दोघे चक्क एका खोलीत राहणारे! आता कुणी कुणाचं घेतलं, सांगा बघू.

मग नक्कल चालते का? नाही. जसंच्या तसं उचलणं ही चोरीच. पण कल्पना वेगळी आणि मांडणी वेगळी. आपल्या सुप्रीम कोर्टानेही 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हेच सांगितलं. 'हम हिंदुस्तानी' या नाटकाच्या लेखकाचं म्हणणं होतं की 'न्यू दिल्ली' हा सिनेमा आपल्या नाटकावरून उचलला. कोर्टाने म्हटलं, कल्पना, विषय, कथासूत्र यांवर हक्क नसतो, हक्क असतो तो मांडणीवर. त्या सिनेमाला चोरी ठरवलं नाही.

मला या सगळ्यात एकच गोष्ट टोचते. वंडर मॅन बुडाला, कॅप्टन मार्व्हल बुडाला, पण कोर्टात 'आमचा सुपरमॅन' म्हणून भांडणारी कंपनी त्याच्या खऱ्या बापांना काय देत होती? सीगल आणि शुस्टर हलाखीत दिवस काढत होते. 1975 मध्ये वर्तमानपत्रांनी बोंब मारली तेव्हा कुठे कंपनीने दोघांना वर्षाला प्रत्येकी 20 हजार डॉलर द्यायचं कबूल केलं. म्हणजे 'कल्पना आमची' हे ओरडणारा आणि कल्पना सुचलेला, ही बहुतेक वेळा दोन वेगळी माणसं असतात.

आणि शेवट ऐका. कॅप्टन मार्व्हल बंद पडल्याने नाव मोकळं राहिलं. 1967 मध्ये ते मार्व्हलने उचललं. पुढे डीसीने फॉसेटकडून मूळ नायक भाड्याने घेतला, पण नाव वापरता येईना, म्हणून 1973 मध्ये अंकाचं नाव ठेवावं लागलं 'शझाम'. ज्याला मारलं त्यालाच घरात घेतलं, तेही त्याचं नाव बाहेर ठेवून! 2019 च्या मार्चमध्ये मार्व्हलचा 'कॅप्टन मार्व्हल' आणि एप्रिलमध्ये डीसीचा 'शझाम' आपल्याही थेटरात लागले. बघणाऱ्या पोरांना या भांडणाची गंधवार्ताही नव्हती.

म्हणून एकांकिकावाल्या मित्रांनो, "कल्पना ढापली" म्हणण्याआधी समोरच्याने त्या कल्पनेचं काय केलं ते बघा. नुसती छापली असेल तर जरूर भांडा. पण तुमच्या बीजातून त्याने वेगळं झाड वाढवलं असेल, तर पुढच्या वर्षी त्याहून मोठं झाड लावा. आणि तुमचं लिखाण कुणी विकत घेत असेल, तर सही करण्याआधी कागद नीट वाचा. 130 डॉलरचा तो कागद सीगल-शुस्टरना आयुष्यभर पुरला.

तुमच्या गावातली 'ढापलेली' गोष्ट कुठली? कमेंटमध्ये लिहा, फक्त नावं घेऊ नका!