काचपट्टीवरचा थेंब

१९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजींनी त्यांच्या नावाने या रोगाच्या संशोधनासाठी विश्वस्त निधी उभारला. १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालं. जांभूळच्या रुग्णालाही बदलापूर नाहीतर अंबरनाथहून लोकल पकडून तिथंच जावं लागतं.

निदानाची सुरुवात मात्र थेंबभर रक्तापासून होते. तो काचपट्टीवर पसरायचा, लीशमनच्या रंगाने रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली शंभरेक पांढऱ्या पेशी एकेक करून ओळखायच्या. कोवळ्या पेशी दिसल्या की संशय. पण विसाव्या पट्टीपर्यंत डोळे शिणतात हो! आणि एवढीशी चूक झाली, तर ताप, अशक्तपणा म्हणून टॉनिक घेण्यात महिना जातो.

हे काम संगणकाला शिकवायचा खटाटोप जुना आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत ज्युडिथ प्रुइट आणि मॉर्टिमर मेंडेलसन यांनी पेशींच्या चित्रांचे आकडे केले. गडद-फिक्या छटांवरून केंद्रक वेगळं काढलं. पुढच्या दशकात तशी यंत्रं बाजारातही आली. आताची यंत्रं पेशी निवडून पडद्यावर मांडतात, शेवटचा शब्द डॉक्टरांचा. मला हीच वाटणी योग्य वाटते. कारण थेंब जाड पसरला, रंग फिका बसला, की यंत्रही फसतं. शिवाय संशय आला तरी अस्थिमज्जेची तपासणी उरतेच, आणि त्यासाठी पुन्हा लोकल.