मघांतील नारिंगी जोडतारा

फाल्गुन-चैत्राच्या रात्रीं जेवणें आटोपून अंगणांत आलेल्या माणसास मघांचा विळा सहज ओळखतां येतो. विळ्याच्या मुठीच्या टोकाशीं मघांची योगतारा आहे. तिच्या उत्तरेस, पात्याच्या वळणावर, तिच्या खालोखाल तेजस्वी असा एक पिवळसर तारा दिसतो. अरब ज्योतिषी या भागांतील चार ताऱ्यांस मिळून सिंहाचें कपाळ, म्हणजे ‘अल्-जबहा’, म्हणत. त्याच नांवाचा अपभ्रंश ‘अल्गीबा’ युरोपांत पुढें या एकट्या ताऱ्यास चिकटला. नुसत्या डोळ्यांस तो एकच. परंतु साध्या दुर्बिणींतून पाहतां तेथें दोन तारे एकमेकांस खेटून असलेले दिसतात. मोठा सोनेरी-नारिंगी, धाकटा फिकट पिवळा.

हें जोडपें प्रथम पाहिलें विल्यम हर्शेल यानें, फेब्रुवारी १७८२ मध्यें. इंग्लंडांतील बाथ गांवीं तो चर्चमध्यें ऑर्गन वाजवी, गाण्याच्या शिकवण्या करी आणि उरलेल्या वेळांत तांबें व कथील यांच्या मिश्रधातूचे आरसे घांसून दुर्बिणी तयार करी. आरसा घांसतांना हात थांबवावयाचा नाहीं, म्हणून त्याची बहीण कॅरोलाइन त्याला घांस भरवीत असे. त्याच्या टिपणांच्या स्वच्छ प्रतीही तीच काढी. आदल्या वर्षींच त्यानें युरेनस ग्रह शोधला होता व त्याचें नांव सर्वत्र झालें होतें. तथापि तो ग्रह त्याला सांपडला तो दुसरेंच कांहीं धुंडाळीत असतां. तो शोधीत होता जोडतारे.

त्याचा हेतु ताऱ्यांचें अंतर मोजण्याचा होता. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरत असेल तर जवळचा तारा दूरच्या ताऱ्याच्या मानानें वर्षभरांत किंचित् इकडे-तिकडे हललेला दिसला पाहिजे. चालत्या गाडींतून पाहतां जवळचें झाड दूरच्या टेकडीपुढून सरकतें, तसाच हा प्रकार. ही युक्ति गॅलिलिओनें १६३२ च्या आपल्या ग्रंथांत सुचवून ठेविली होती. हर्शेलनें धरून चालले कीं, जोडींतील तेजस्वी तारा जवळचा, मंद तारा फार दूरचा, आणि दोघे एका रेषेंत आले ते केवळ योगायोगानें. त्यानें १७८२ सालीं २६९ जोडताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली आणि तीन वर्षांनीं आणखी ४३४ ची.

या गृहीतावर एक आक्षेप आधींच येऊन गेला होता. जॉन मिचेल नांवाच्या एका पाद्र्यानें १७६७ सालींच संभाव्यतेचें गणित मांडून दाखविलें होतें कीं, इतक्या जोड्या निव्वळ योगायोगानें पडणें शक्य नाहीं. त्यांतील बहुतेक खरोखरच एकत्र असल्या पाहिजेत. त्याच्याजवळ मोठी दुर्बीण नव्हती, होता तो नुसता तर्क, आणि हर्शेलनें प्रथम त्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. थोर निरीक्षकांच्या हातून असें पुष्कळदां घडतें.

सुमारें वीस-पंचवीस वर्षांनीं त्यानें त्याच जोड्या पुन्हां मोजल्या. वर्षागणिक इकडे-तिकडे होणारा झोका त्यास दिसलाच नाहीं. दिसलें तें निराळेंच: कित्येक जोड्यांत एक तारा दुसऱ्याभोंवतीं एकाच दिशेनें हळूहळू सरकला होता. मिथुनेंतील कॅस्टर हें त्याचें मुख्य उदाहरण; पण १८०३ च्या निबंधांत अल्गीबाचाही विचार आहे. सूर्याच्या गतीनें किंवा दोहोंपैकीं एकाच ताऱ्याच्या सरळ गतीनें हा फरक पडेल काय, हें त्यानें एकेक करून तपासलें. उरला एकच निष्कर्ष: हे तारे परस्परांच्या आकर्षणानें बांधलेले आहेत. अल्गीबाच्या एका फेऱ्यास १२०० वर्षें लागावींत असा त्याचा अंदाज होता.

ज्या अंतरासाठीं तो निघाला होता तें त्यास मिळालें नाहीं. त्याचें गृहीतच चुकीचें होतें. अल्गीबाचे दोन्ही तारे आपणांपासून सारखेच, सुमारें १३० प्रकाशवर्षें दूर आहेत. धाकटा मंद दिसतो तो लहान म्हणून. परंतु न्यूटनचा नियम सूर्यमालेच्या बाहेरही चालत असावा, याचा पहिला प्रत्यक्ष पुरावा या फसलेल्या उद्योगांतून निघाला. बेसेलनें १८३८ सालीं एका ताऱ्याचें अंतर अखेर मोजलें, तेव्हां त्यानें निवडलेला हंसांतील ६१ क्रमांकाचा ताराही जोडताराच होता, ही एक गंमतच.

पुढें डोर्पाट येथें स्ट्रूव्हेनें फ्राउनहोफरच्या उत्कृष्ट दुर्बिणीनें हीं मोजमापें सूक्ष्म केलीं. त्याच्या काळीं या दोन ताऱ्यांत सुमारें अडीच विकलांचें अंतर होतें. आज तें साडेचार विकलांहून अधिक आहे. कोणी धाकट्याचा रंग हिरवट लिहून ठेवला आहे. तो नारिंगीच्या शेजारामुळें होणारा डोळ्यांचा भ्रम होय. दोन्ही तारे म्हातारपणीं फुगलेले राक्षसी तारे आहेत. थोरला तर व्यासानें सूर्याच्या सुमारें तीसपट असून त्याचा पृष्ठभाग सूर्याहून थंड, म्हणूनच नारिंगी आहे.

या मोजणीच्या परंपरेंत पुण्याचेंही नांव येतें. मुंबईच्या इंजिनिअर दलांतील कॅप्टन जेकब यानें १८४२ सालीं पुण्यास स्वतःची वेधशाळा उभारून २४४ जोडताऱ्यांचे वेध घेतले. पुढें मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख असतां, १८५५ सालीं, त्यानें भुजंगधारींतील ७० क्रमांकाच्या जोडताऱ्याच्या गतींत अनियमितपणा पाहून तेथें अदृश्य ग्रह असावा असें सुचविलें. तो ग्रह खरा ठरला नाहीं. डोंगरावर नवी वेधशाळा उभारण्याच्या इराद्यानें तो १८६२ च्या ऑगस्टांत परत आला आणि थोड्याच दिवसांत पुण्यासच वारला. मात्र जोडताऱ्यापाशीं ग्रह असूं शकतो ही त्याची कल्पना खोटी नव्हती. कोरियांतील ज्योतिषांच्या पुढाकारानें २००९ सालीं अल्गीबाच्या नारिंगी ताऱ्याभोंवतीं सुमारें ४२९ दिवसांत फिरणारा, गुरूच्या निदान आठपटींहून जड असा ग्रह वर्णपटावरून सिद्ध झाला.

दोन ताऱ्यांचा परस्परांभोंवतींचा फेरा मात्र अद्याप कोणीही पुरा पाहिलेला नाहीं. त्यांची कक्षा फार लांबट असून काळ पांचशें वर्षांहून अधिक निघतो. निरनिराळ्या गणितांत शंभर वर्षांचाही फरक पडतो. कारण मोजलेला भाग निम्म्याहून कमी आहे, आणि त्याच्या आरंभाच्या टोकाशीं अजूनही बाथ येथील हर्शेलचीच टिपणें आहेत.