गावाच्या लोकसंख्येवरून ग्रुपमध्ये भांडण लागलंय? जनगणनेची फाइल लॅपटॉपवर अशी उघडा

गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून एक ग्राफिक येतं. आपल्या तालुक्याची लोकसंख्या इतकी, साक्षरता इतकी, शेजारचा तालुका आपल्या पुढे. खाली बारीक अक्षरात सोर्स म्हणून फक्त 'जनगणना'. तासाभरात त्यावर पन्नास मेसेज पडतात, नगरपरिषदेपासून आमदारापर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो. मूळ फाइल मात्र कुणीच उघडलेली नसते.

ती फाइल फुकट मिळते. जनगणना आयुक्तांच्या साइटवर 'प्रायमरी सेन्सस अ‍ॅबस्ट्रॅक्ट' या नावाने २०११ चे गावनिहाय, वॉर्डनिहाय आकडे एक्सेलमध्ये आहेत. अडचण एवढीच की हजारो ओळी, नव्वदच्या आसपास कॉलम आणि कॉलमांची नावं सगळी आखूड इंग्रजीत. ती फाइल उघडून माणूस दोन मिनिटांत बंद करतो.

इथे कामाला येतं डेटासेट नावाचं सॉफ्टवेअर. ते तुमची फाइल एका छोट्या वेबसाइटसारखी ब्राउझरमध्ये उघडून देतं. शोधा, गाळा, मोजा. सायमन विलिसन यांनी ते २०१७ मध्ये आणलं. वेबसाइट बनवणाऱ्यांच्या ओळखीची 'जँगो' ही प्रणाली अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात तयार झाली, ती करणाऱ्या दोघांपैकी हे एक. डेटासेट मोफत आणि ओपन सोर्स आहे.

उदाहरण घेऊ रोह्याचं. कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी आणि दोघांची मिळून एकच 'रोहा अष्टमी नगरपरिषद'. (रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख यांचं बालपण रोह्यात गेलं. देशात राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली १९५० साली, त्याच वर्षी ते अर्थमंत्री झाले. आकड्यांचा विषय रोह्याला नवा नाही.)

आधी इन्स्टॉल. लॅपटॉपवर पायथन हवं. विंडोजवर पायथनचा इन्स्टॉलर चालवताना पहिल्याच स्क्रीनवर 'अ‍ॅड पायथन टू पाथ' अशा अर्थाचा एक चौकोन असतो, तो टिक करा. निम्म्या लोकांचं गाडं इथेच अडतं, कारण टिक राहिली की पुढची एकही कमांड चालत नाही. मग कमांड प्रॉम्प्ट उघडा. खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीत.

पिप इन्स्टॉल डेटासेट एसक्यूलाइट-यूटिल्स

डेटासेटचं स्पेलिंग कॅसेटसारखं आहे, शेवटी दोन टी आणि एक ई. नेहमीचं एक टीवालं 'डेटासेट' लिहिलंत तर एररही येणार नाही, कारण त्या नावाचं वेगळंच पॅकेज अस्तित्वात आहे. ते गुपचूप इन्स्टॉल होईल आणि तुम्ही अर्धा तास डोकं खाजवत बसाल.

आता फाइल. साइटवर 'रायगड' शोधलंत तर हाती काही लागणार नाही. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी स्पेलिंग 'रायगढ' असं आहे आणि छत्तीसगडमध्येही त्याच नावाचा जिल्हा आहे. म्हणून कोड बघा: महाराष्ट्र २७, आपला जिल्हा ५२०. फाइल एक्सेलमध्ये उघडून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह करा. त्यानंतर ती सीएसव्ही परत एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करायची नाही. तालुक्याचे कोड शून्याने सुरू होतात आणि एक्सेल तो पुढचा शून्य खाऊन टाकतं. मग पुढे दुसरी फाइल जोडायला गेलात की कोड जुळत नाहीत.

एसक्यूलाइट-यूटिल्स इन्सर्ट रायगड.डीबी पीसीए रायगड.सीएसव्ही --सीएसव्ही

डेटासेट रायगड.डीबी

ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८००१ हा पत्ता टाका. टेबल समोर येईल. काळी खिडकी चालू राहू द्या, ती बंद केली की साइटही बंद.

इन्स्टॉल इथे संपलं, दहा-पंधरा मिनिटांचं काम. चुकीचं ग्राफिक तयार होतं ते याच्या पुढे.

लोकसंख्येच्या कॉलमवर क्लिक करून उतरत्या क्रमाने लावून बघा. ९९८ वस्तीचं गाव २०,००० वस्तीच्या गावाच्या वर दिसलं, तर तो कॉलम मजकूर म्हणून आला आहे. मजकुरात पहिलं अक्षर आधी बघितलं जातं, आणि ९ हा २ पेक्षा मोठा. म्हणून कोडचे कॉलम मजकूरच ठेवायचे आणि मोजणीचे कॉलम आकड्यांत बदलायचे:

एसक्यूलाइट-यूटिल्स ट्रान्सफॉर्म रायगड.डीबी पीसीए --टाइप टॉट_पी इंटिजर

'टॉट_पी' म्हणजे एकूण लोकसंख्या. हेच 'पी_०६' आणि 'पी_लिट' या कॉलमांनाही करा. उलटंही होऊ शकतं. एसक्यूलाइट-यूटिल्सची आवृत्ती नवी असेल तर ती आकडे आपोआप ओळखते आणि कोडपुढचे शून्यही उडवते. शून्य गेलेले दिसले तर टेबल पुसा आणि इन्सर्टच्या कमांडला '--नो-डिटेक्ट-टाइप्स' जोडून पुन्हा भरा.

आता सगळ्यात महागडी चूक. या फाइलमध्ये जिल्ह्याच्या तीन ओळी आहेत: एकूण, ग्रामीण, शहरी. तालुक्याच्याही तशाच तीन. त्याखाली गावं, शहरं आणि शहरांचे वॉर्ड. म्हणजे खेड्यात राहणारा माणूस जिल्ह्याच्या एकूणमध्ये आहे, ग्रामीणमध्ये आहे, तालुक्याच्या एकूणमध्ये, ग्रामीणमध्ये आणि शेवटी गावाच्या ओळीत. पाच वेळा. आख्ख्या कॉलमची बेरीज मारली की रायगडची लोकसंख्या कोटीच्या पुढे जाते. २०११ ची खरी लोकसंख्या आहे २६,३४,२००. तुमची गाळणी बरोबर आहे की नाही, हे याच आकड्यावर ताडून बघा. 'लेव्हल' कॉलमच्या गिअरवर क्लिक करून 'फॅसेट' निवडा, कोणत्या पातळीच्या किती ओळी आहेत ते बाजूला येतं. एका वेळी एकच पातळी घ्या. रोहा अष्टमी 'टाउन' या पातळीवर सापडेल, नावात दोन्ही शब्द एकत्र. बाकी गावं शोधताना नावाबरोबर तालुक्याचा कोडही लावा, एकाच नावाची गावं बरीच असतात.

साक्षरतेचं गणित वेगळं आहे. साक्षर लोकांना एकूण लोकसंख्येने भागायचं नाही. जनगणनेत साक्षरता मोजतात ती सात वर्षं आणि त्यावरच्या लोकांची, म्हणून एकूणमधून शून्य ते सहा वर्षांची मुलं आधी वजा करायची. रायगडचा अधिकृत दर ८३.१४ टक्के आहे. मुलं वजा न करता काढलात तर तो नऊ-दहा टक्क्यांनी खाली दिसतो. 'आपला तालुका जिल्ह्यापेक्षा किती मागे' असलं ग्राफिक आलं की पहिली शंका ही घ्या. डेटासेटमध्ये क्वेरी लिहून हे काढणार असाल तर १०० ने नाही, १००.० ने गुणा आणि गुणाकार भागाकाराच्या आधी करा. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की दशांश गायब होतो आणि सगळ्या गावांची साक्षरता शून्य येते. निदान ही चूक लगेच दिसते तरी.

कॉन्फिगरेशनमधल्या दोन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली: क्वेरीचं उत्तर मुळात १,००० ओळींवर कापलं जातं आणि रायगडमध्ये गावं त्याहून जास्त आहेत. सुरू करताना '--सेटिंग मॅक्स_रिटर्न्ड_रोज ५०००' जोडा. दुसरी म्हणजे मेटाडेटा फाइल. तिच्यात शीर्षक, सोर्स, सोर्सची लिंक आणि प्रत्येक कॉलमचा अर्थ मराठीत लिहिता येतो, तो टेबलच्या वर दिसतो. ही फाइल वायएमएलमध्ये असते, ओळी आत सरकवायला स्पेस वापरा, टॅब नाही. वर्ष नक्की लिहा. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आजही आपण २०११ चेच आकडे वापरतोय आणि ग्राफिक करणारे नेमकं तेच सांगत नाहीत.

आतापर्यंत ही साइट फक्त तुमच्या लॅपटॉपवर आहे, बाहेरच्या कुणाला दिसत नाही. 'होस्ट ०.०.०.०' देऊन चालवलीत की त्याच वायफायवरचे इतरही ती बघू शकतात. क्लाउडवर टाकलीत तर सगळं जग. लोक तुमचा डेटा बदलू शकत नाहीत, डेटासेट फाइल फक्त वाचायला उघडतं. पण डाउनलोड करू शकतात, तेही पूर्ण टेबल. जनगणनेच्या गावनिहाय आकड्यांना हे चालतं, त्यात कुणाचं नाव नसतं. पूरग्रस्तांची, लाभार्थ्यांची किंवा मतदारांची यादी मात्र अशी टाकू नका. सर्चमध्ये एका वेळी एकच नाव दिसतं म्हणून बाकीची लपलेली नसतात.

लॅपटॉपच नसेल तर 'डेटासेट लाइट' आहे. तेच सॉफ्टवेअर, पण संपूर्ण ब्राउझरमध्ये चालणारं, इन्स्टॉल काहीच नाही. सीएसव्हीची लिंक दिली की पुरे. फोनवर पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो, धीर धरा.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. ते आकडे येतील तेव्हा याच डीबी फाइलमध्ये वेगळ्या नावाचं टेबल करून टाका. २०११ चं टेबल पुसू नका, तुलनेला तेच लागणार आहे.