कठड्याचा रंग

घरास बाहेरून रंग द्यावयाचा तो शोभेसाठीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. ऊन, पाऊस व दमट वारा यांचा मारा प्रथम ज्या कातडीनें सोसावयाचा ती कातडी म्हणजे बाहेरचा रंग. म्हणून रंग निवडतांना शहाण्या गृहस्थानें एकच प्रश्न विचारावा असें पूर्वीं मानीत, आणि तो म्हणजे ‘सर्वांत अधिक वर्षें टिकेल तो रंग कोणता?’ युरोप-अमेरिकेंत या प्रश्नाचें एकच उत्तर दीर्घकाळ मिळत असे: जवसाच्या तेलांत खललेला सफेदा. या उत्तराची किंमत कोणी दिली आणि ती किंमत मोजण्यास एवढा विलंब कां लागला, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तत्पूर्वीं जुन्या रंगांची कुळें पाहूं. एक कूळ चुन्याचें. चुनखडी सुमारे ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत भाजली म्हणजे तिच्यांतील कार्बन डाय-ऑक्साइड वायु निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यांत विरवून भिंतीवर लाविला कीं हवेंतील तोच वायु पुन्हां शोषून घेऊन भिंतीवर चुनखडीचा पातळ थर बनतो. हा थर सच्छिद्र असल्यामुळें भिंतींतील ओल बाहेर पडण्यास वाट राहते. थोडा डिंक, किंचित् नीळ, हवा असल्यास गेरू किंवा पिवडी, एवढ्यावर आपल्या आजोबा-पणजोबांचीं घरें दसरा-दिवाळीस नवीं होत असत. चुन्यांत दोष एकच कीं तो पावसानें धुपतो आणि पुनःपुन्हां लावावा लागतो.

दुसरें कूळ तेलरंगाचें. लांकडावर व लोखंडावर चुना धरत नाहीं. तेथें तेल पाहिजे. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन सुकतें व त्याचा चिवट पापुद्रा होतो. त्यांत सफेदा मिसळला म्हणजे शिशाचा व तेलाचा संयोग होऊन जो थर बनतो तो लांकडाबरोबर फुगतो, आकसतो, पण लवकर तडकत नाहीं. हा सफेदा प्राचीन ग्रीकांस व रोमनांस ठाऊक होता. पुढें हॉलंडांत त्याची कृति प्रसिद्धीस आली. शिशाच्या गुंडाळ्या मातीच्या भांड्यांत सिरक्यावर ठेवीत, आणि तीं भांडीं घोड्याच्या लिदेंत पुरून ठेवीत. लिदेची ऊब, तिच्यांतून निघणारा वायु आणि सिरक्याची वाफ यांच्या योगानें कांहीं आठवड्यांत शिशावर पांढरी पुटें चढत. तीं खरवडून, धुऊन, दळून सफेदा तयार होई.

शिसें विषारी आहे ही गोष्ट कांहीं नवी नव्हे. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस यानें दोन हजार वर्षांपूर्वीं शिशाच्या नळांविरुद्ध लिहितांना सफेद्याच्या अपायाचा आणि शिसें ओतणाऱ्या कारागिरांच्या फिकट वर्णाचा दाखला दिला होता. एकोणिसाव्या शतकांत रंगाऱ्यांचा पोटशूळ व लुळें पडणारें मनगट हीं त्या धंद्याचीं चिन्हेंच होऊन बसलीं होतीं. पॅरिस येथील रंगकामाचा ठेकेदार जां लेक्लेर यानें आपल्या कामगारांच्या कळवळ्यानें १८४० च्या सुमारास सफेद्याऐवजीं जस्ताचा पांढरा रंग प्रचारांत आणिला. म्हणजे पर्याय अगदींच नव्हता असें नाहीं. परंतु जस्ताचा थर उघड्यावर अधिक ठिसूळ ठरे, आणि टिकाऊपणाच्या त्या एकाच प्रश्नापुढें सफेदा पुन्हां पुन्हां जिंके.

पुढें फ्रान्सनें १९०९ सालीं इमारतींच्या रंगकामांत सफेद्यास बंदी करणारा कायदा केला. १९२१ सालीं जिनीव्हा येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें सफेद्याविषयींचा करार संमत केला. हा करार बारकाईनें वाचण्यासारखा आहे. त्यानें सफेद्यास मनाई केली ती इमारतींच्या आंतील रंगकामापुरती, आणि तीहि कांहीं अपवाद ठेवून. बाहेरील काम मोकळें राहिलें. अठरा वर्षांखालील मुलगे व सर्व स्त्रिया यांस सफेद्याच्या धंदेवाईक कामावर लावूं नये, असेंहि त्यांत होतें. मजुरांच्या हिताच्या दृष्टीनें हा करार मोठाच होय. तथापि त्यांत मूल दिसतें तें कामकरी म्हणून. घरांत राहणारें, रांगणारें, खेळणारें मूल त्यांत कोठेंच दिसत नाहीं.

आश्चर्याची गोष्ट अशी कीं, त्या मुलाचा शोध ऑस्ट्रेलियांत आधींच लागलेला होता. क्वीन्सलंड प्रांतांतील ब्रिस्बेन शहरीं घरें बहुधा लांकडी, आणि त्यांस पुढें प्रशस्त व्हरांडा. (व्हरांडा हा शब्द इंग्रजींत हिंदुस्थानांतूनच गेला.) त्या उष्ण प्रदेशांत मुलांचें खेळणें-बागडणें बहुतेक तेथेंच चाले. १८९२ पासून तेथील डॉक्टरांस मुलांमध्यें शिशाच्या विषबाधेचीं चिन्हें दिसूं लागलीं. हातपाय लुळे पडत, दृष्टि अधू होई. परंतु हीं मुलें कारखान्यांत जात नव्हतीं; मग शिसें पोटांत गेलें कोठून? जे. लॉकहार्ट गिब्सन या नेत्रवैद्यानें १९०४ सालीं लेख लिहून उत्तर दिलें: घराच्या रंगांतून, आणि विशेषतः व्हरांड्याच्या कठड्यांतून. प्रखर उन्हानें तेलाचा अंश जळून जातो आणि सफेद्याची मोकळी भुकटी वर राहते. कठड्यास धरून उभें राहणाऱ्या मुलाच्या तळव्यास ती चिकटते. आणि बोटें चोखणें, नखें कुरतडणें हा तर बाल्याचा स्वभावच! जो रंग घराचें रक्षण करी, तोच जीर्ण होतां होतां घरांतील सर्वांत लहान माणसाच्या पोटांत जाई.

हें निदान सर्वांस लगेच पटलें नाहीं. जो रंग सारें जग वापरतें तो ब्रिस्बेनमध्येंच कसा बाधतो, ही शंका स्वाभाविक होती. तिचें उत्तरहि त्या प्रदेशाच्या उन्हांत आणि व्हरांड्यांतच होतें. अखेर १९२२ सालीं क्वीन्सलंडनें कायदा करून, मुलांचा हात पोंचेल अशा बाहेरील भागांवर, कठडे, कुंपणें, फाटकें यांवर, शिशाचा रंग देण्यास मनाई केली. जिनीव्हानें आंतली बाजू राखली, ब्रिस्बेननें बाहेरची. ज्यांनीं रंगाऱ्याकडे पाहिलें त्यांस कोंदट खोली धोक्याची वाटली. ज्यांनीं मुलाकडे पाहिलें त्यांस कठडा धोक्याचा वाटला. पुढें १९२९ सालीं त्याच प्रांतांतील डॉ. नाय यांनीं, बालपणीं शिसें पोटांत गेलेल्यांस तरुणपणीं मूत्रपिंडाचा विकार जडतो असें दाखवून दिलें. मूल बरें होऊन घरीं गेलें तरी विषाचा हिशेब मिटलेला नसे.

अमेरिकेंत नेमक्या याच काळांत सफेद्याच्या एका मोठ्या कंपनीनें आपलें बोधचिन्ह म्हणून हातांत कुंचला घेतलेल्या एका गोंडस डच मुलाची निवड केली होती (१९०७). या योगायोगावर आम्ही भाष्य करीत नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वे व अमेरिका येथें टायटेनियमचा पांढरा रंग निघूं लागला. तो अधिक शुभ्र, अधिक झांकणारा आणि शिशाच्या विषापासून मुक्त असा होता. तरीहि अमेरिकेंत घरगुती रंगांतील शिशावर देशव्यापी बंदी आली ती १९७८ सालीं, गिब्सनच्या लेखानंतर ७४ वर्षांनीं.

आपल्याकडे तेलरंगाची चाल इंग्रजी अमलांत वाढली. आधीं माल विलायतेहून येई, पुढें येथेंच कारखाने निघाले. शिशाचे नियम मात्र फार उशिरां आले. घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० पेक्षां अधिक असूं नये, असा नियम भारत सरकारनें २०१६ सालीं प्रसिद्ध केला व तो २०१७ पासून लागू झाला. औद्योगिक रंग या नियमाबाहेर आहेत, हें गृहस्थानें ध्यानांत ठेवावें. कारखान्यासाठीं केलेला रंग स्वस्त वा टिकाऊ म्हणून गॅलरीच्या गजांस वा झोपाळ्याच्या कड्यांस लावूं नये.

या इतिहासावरून व्यवहाराचे कांहीं बोध निघतात. जुन्या दगडविटांच्या व चुन्याच्या भिंतीवर तेलरंग देऊं नये. भिंतींतील क्षार तेलाचा साबण करून टाकतो आणि कोंडलेली ओल पोपडे उठविते. तेथें चुनाच श्रेष्ठ. सिमेंटच्या गिलाव्यास पाण्यांत कालविण्याचे आधुनिक रंग चालतात. लोखंडास आधीं गंजरोधक थर हवा. पूर्वीं तो शेंदराचा, म्हणजे शिशाचाच, असे. आतां जस्ताच्या फॉस्फेटचा मिळतो. सर्वांत अधिक सावधगिरी नव्या रंगापेक्षां जुन्याविषयीं हवी. जुन्या वाड्याचा किंवा चाळीचा कठडा रंगविण्यापूर्वीं कोरडा घांसण्याची वा दिव्यानें जाळण्याची चाल आहे. त्यानें थरांतील शिसें धूळ व धूर होऊन घरभर पसरतें. पाण्यानें भिजवून खरवडावें, पोपडे गोळा करून दूर टाकावे, आणि तेवढे दिवस मुलें व गरोदर स्त्रिया यांस त्या जागेपासून लांब ठेवावें. शिशाची अमुक मात्रा मुलांस निर्धोक, असें म्हणण्यास आजचें वैद्यक तयार नाहीं.

रंग किती वर्षें टिकेल हा प्रश्न खोटा नव्हता. तो अपुरा होता. टिकणारी प्रत्येक वस्तु केव्हां तरी झिजते, आणि झिजून ती कोठें जाते हें कोणी विचारीत नव्हतें. कठड्याची उंची मोठ्यांच्या कमरेइतकी असते. मुलाच्या तोंडाशीं ती बरोबर येते. घरास रंग निवडतांना एकदां त्या उंचीवरून पाहावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.